आफ्रिका खंडाचा भिंतीवरचा मराठी नकाशा, दोन्ही बाजूंनी छापलेला : घ्यावा का?

सांगलीच्या विश्रामबागेत मी आठवी ते दहावीच्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवते. क्लाससाठी गणपती पेठेतल्या शालेय साहित्याच्या दुकानातून आफ्रिकेचा हा मोठा नकाशा आणला, एका बाजूला प्राकृतिक, दुसऱ्या बाजूला राजकीय, वर-खाली लाकडी पट्ट्या, लॅमिनेशन केलेला. वर्षभर वापरून झाला म्हणून आता नीट लिहिते, कारण ऑनलाइन बघितलं तर मराठी नकाशांचे रिव्ह्यू म्हणजे "छान आहे, पॅकिंग चांगलं" एवढंच असतं, त्यावरून शिकवणाऱ्या माणसाला काही कळत नाही.

आधी थोडक्यात सांगते. प्राकृतिक बाजू अप्रतिम, त्या एका बाजूसाठी पैसे वसूल. राजकीय बाजू दुरुस्त करून वापरायची. आणि खाली 'लोकजीवन' म्हणून जी चित्रपट्टी दिलीय ती मी सरळ कागद चिकटवून झाकलीय, त्याचं कारण पुढे सांगते.

प्रमाण १ : ८० लाख आहे, म्हणजे नकाशावरचा १ सेंमी म्हणजे प्रत्यक्षात ८० किमी, आणि हे शिकवायला फार सोयीचं पडतं. पोरांच्या हातात पट्टी द्यायची आणि कैरो ते केप टाउन मोजायला सांगायचं, जवळजवळ ९० सेंमी भरतं. मग त्याच मापाने सांगली-सातारा किती होईल ते काढायला लावायचं, दीड सेंमीच्या आसपास येतं आणि पोरं गप्प होतात. आफ्रिका ३ कोटी चौरस किमीच्या वर आहे, म्हणजे आपल्या देशाच्या नऊपटीहून जास्त, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, कारण शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, जे खरं तर १४ पट लहान आहे. या नकाशाच्या कोपऱ्यात समक्षेत्र प्रक्षेपण (म्हणजे क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारी पद्धत) आहे असं स्पष्ट छापलंय, ते बघूनच मी घेतला.

आता प्राकृतिक बाजू. उंचीचे रंग इतके नीट उतरलेत की खंडाची ठेवण लांबून पण कळते, पूर्वेला आणि दक्षिणेला तपकिरी, उत्तर-पश्चिमेला पिवळा-हिरवा, म्हणजे जवळजवळ सगळा खंडच पठार आणि काठाला किनारपट्टीची बारीक पट्टी. इथंच इतिहास सुरू होतो बघा. काँगो नदीवर बोट ठेवा, किन्शासाच्या खाली ती पठारावरून धबधब्यांच्या रांगेतून उतरते आणि मग समुद्राला मिळते, नकाशात तिथं लागोपाठ छोट्या आडव्या रेघा दिल्यात. पोर्तुगीज या नदीच्या मुखाशी १४८२ मध्ये पोचले होते पण जहाज आत नेता येईना, आणि नदीचा पूर्ण मार्ग युरोपातल्या लोकांना कळला तो १८७७ ला, स्टॅनली नावाचा शोधप्रवासी आतून समुद्रापर्यंत आला तेव्हा. जवळजवळ चारशे वर्षं! त्यात हिवताप होताच. मग आपण पुस्तकात 'अज्ञात खंड' असं वाचतो ते कुणाला अज्ञात हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही, आतले लोक तर हजारो वर्षं तिथं राहतच होते.

माझी सगळ्यात आवडती जागा नायजर नदी. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ६४ किमी, तरी ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १४०० किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते, हे सांगली-साताऱ्याच्या पोरांना पाठच असतं. नायजर तशीच. गिनीच्या डोंगरात उगवते, तिथून अटलांटिक २४० किमी म्हणजे नकाशावर फक्त तीन सेंमी, पण ती उलटी ईशान्येला सहारात जाते, वाळवंटाच्या तोंडाला वळसा घेते आणि मग दक्षिणेला येऊन गिनीच्या आखाताला मिळते, सगळी मिळून ४१८० किमी. आणि त्या वळणावरच टिंबक्टू शहर आहे. का आहे? कारण उत्तरेकडून उंटांवरून मीठ यायचं, दक्षिणेकडून नावेनं सोनं आणि धान्य यायचं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं बाजार बसणार, बाजार बसला की पैसा, पैसा आला की मदरसे आणि हस्तलिखितं. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ ला हजला गेला तेव्हा कैरोमध्ये इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. एका वळणावर एवढं सगळं आहे आणि नकाशात ते वळण स्पष्ट, मोठं, न चुकता दाखवलंय.

पूर्वेकडची खचदरी पण झकास आलीय, टांगानिका सरोवराचा निळा रंग बाकीच्या सरोवरांपेक्षा गडद ठेवलाय कारण ते १४७० मीटर खोल आहे, जगात रशियातल्या बैकल सरोवरानंतर दुसरं. किलिमांजारो ५८९५ मीटर बरोबर. इथिओपियाचं पठार गडद तपकिरी, आणि तिथं एक गोष्ट मी हमखास सांगते, की तेही सह्याद्रीसारखंच लाव्हाचं आहे, फक्त आपलं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आणि त्यांचं तीन कोटींच्या आसपासचं. त्या पठारावर लालिबेलाला अकरा चर्च आहेत, अखंड खडकात कोरलेली, काही वरून खाली खोदत नेलेली. वेरूळचं कैलास बघून आलेलं पोरगं हे ऐकून लगेच फोटो मागतं.

राजकीय बाजूचं मात्र वाईट वाटलं. सीमा बरोबर आहेत, दक्षिण सुदान वेगळा दाखवलाय (२०११), देश ५४ मोजून दिलेत. पण स्वाझीलँड तसंच छापलंय, त्या देशाचं नाव २०१८ पासून एस्वातिनी आहे, आणि बुरुंडीची राजधानी अजून बुजुम्बुरा, ती गिटेगाला हलवून बरीच वर्षं झाली. मागे छपाईचं वर्ष नवीन टाकलंय, म्हणजे जुनीच प्लेट परत छापली. स्पर्धा परीक्षेची पोरं यावरून पाठ करतात हो, प्रकाशकाने एवढं तरी बघायला पाहिजे! मी मार्करने दुरुस्त केलं, लॅमिनेशनवर टिकलंय.

तरी ही बाजू कामाची आहे, कारण सरळ रेघा दिसतात. लिबिया-इजिप्तची सीमा बघा, पट्टीने मारल्यासारखी. गांबिया बघा, नदीच्या दोन्ही काठांची बारीक पट्टी आणि तीन बाजूंनी सेनेगल. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत चौदा सत्ता बसल्या आणि खंड वाटून घ्यायचे नियम ठरवले, त्यात आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. १९१४ पर्यंत स्वतंत्र उरले ते इथिओपिया आणि लायबेरिया, आणि इथिओपिया उरला कारण १८९६ ला अडुवाला त्यांनी इटलीचा पराभव केला. मग १९५७ ला घाना, आणि १९६० या एका वर्षात १७ देश. हे स्वातंत्र्याचं साल प्रत्येक देशात बारीक अक्षरात दिलंय, ती कल्पना फारच चांगली आहे.

आता ती चित्रपट्टी. एक सिंह, एक झोपडी, एक ढोल, एक मुखवटा, भाला घेतलेला एक माणूस, आणि कशाखालीच कुठल्या देशाचं, कुठल्या लोकांचं ते लिहिलेलं नाही. दीडशे कोटींच्या आसपास लोक, दोन हजारांच्या घरात भाषा, निम्मी लोकसंख्या वीस वर्षांच्या आतली, लागोस आणि कैरोसारखी अफाट शहरं, केनियात २००७ पासून साध्या मोबाईलवरून पैसे पाठवतात, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. यातलं काहीच नाही. मुखवटाच दाखवायचा तर बेनिनचा (आजचा बेनिन देश नव्हे, आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) दाखवा आणि लिहा की १८९७ ला इंग्रजांनी तिथला राजवाडा लुटला. आणि अटलांटिकपार गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या सव्वा कोटी माणसांबद्दल पूर्ण नकाशावर एक ओळ नाही, हे मला खरंच खटकलं.

म्हणून पट्टी झाकून मी तिथं आपल्याकडच्या गोष्टी लिहून लावल्यात. मलिक अंबर, जन्म इथिओपियात, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, १६२४ ला भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौज हरवली, शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. आणि धान्य. ज्वारी पहिल्यांदा पिकवली गेली सुदानच्या भागात, बाजरी सहाराच्या दक्षिण काठाला, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. चिंच, कलिंगड, चवळी, ही सगळी तिकडचीच. जत-आटपाडीकडून येणारी पोरं असतात माझ्याकडे, घरी शाळूची भाकरी खाणारी, त्यातल्या एकीने सुदानवर स्वतःहून ज्वारीचं कणीस काढून चिकटवलं, ते मी काढलेलं नाही.

बारीक-सारीक गोष्टी : लॅमिनेशन चकाकतं, ट्यूबलाइटच्या समोर लावू नका, मागच्या बाकावरून अर्धा सहारा दिसत नाही. खालची पट्टी दोन खिळ्यांवर आहे, आमची सुटली होती, दुकानदार काकांनी विना तक्रार स्क्रू मारून दिला. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तिथं गुंडाळी करून ठेवा, घडी घालू नका, घडीवर लॅमिनेशन फुटतं आणि नेमकी नायजर जाते. किंमत साडेआठशे घेतली, शिक्षक म्हणून सांगितलं तर थोडं कमी करतात. नुसती राजकीय बाजू हवी असेल तर हा घेऊ नका, प्राकृतिक हवी असेल तर बिनधास्त घ्या. दक्षिण अमेरिकेचा याच मापात येतो का विचारून ठेवलंय, आला की त्याचंही लिहीन.