हुवावे ई३३७२एच डोंगल लिनक्सवर: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी हुवावे कंपनीचा ई३३७२एच हा यूएसबी डोंगल, म्हणजे सिम घालून संगणकाला लावायचे मोबाइल इंटरनेटचे छोटे उपकरण, लिनक्स मिंट (लिनक्स या संगणक प्रणालीचा एक प्रकार) असलेल्या लॅपटॉपवर वापरत आहे. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा किलोमीटर आत आहे. फायबरची तार फाट्यापर्यंत येऊन थांबलेली आहे, आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे भिंतीवरच्या सॉकेटवर अवलंबून असलेले कोणतेही उपकरण आमच्या कामाचे नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट होताच; परंतु तो दिवसभर चालू ठेवला की फोन तापतो, आणि मी फोन खिशात घालून बाजारात गेलो की घरी मुलीचा ऑनलाइन वर्ग बंद पडतो. म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर चालेल असा स्वतंत्र डोंगल शोधला आणि तालुक्याच्या गावी एका दुकानात जुना, पण कोणत्याही एका कंपनीच्या सिमला न बांधलेला हा नग मिळाला. दुकानदाराने देतानाच बजावले होते, "लिनक्सवर चालणार नाही, मग परत घेऊन यायचं नाही."

तो चालला, आणि त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणून काहीही शोधावे लागले नाही. तरीही पहिला दीड दिवस वाया गेला. त्यातील दोष लिनक्सचा नव्हता आणि डोंगलचाही नव्हता, हे आता मागे वळून पाहताना कळते.

या जातीचा डोंगल संगणकाला लावला की तो सुरुवातीला स्वतःची ओळख मोडेम म्हणून देत नाही. आपण सीडी ड्राइव्ह आहोत असे तो सांगतो. विंडोजवर या खोट्या सीडीतून लागणारे सॉफ्टवेअर आपोआप चढावे, डब्यात वेगळी सीडी द्यावी लागू नये, यासाठी केलेली ही सोय आहे. लिनक्सला त्या सीडीतील मजकुराशी काही कर्तव्य नसते, त्यामुळे डोंगलला "आता सोंग पुरे" असे सांगणारा कोणीतरी मध्ये लागतो. ते काम यूएसबी मोडस्विच हा छोटा प्रोग्राम करतो. योझुआ डीट्झे यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामसोबत शेकडो मोडेमांची माहिती असलेली एक यादी येते, आणि त्या यादीनुसार तो प्रत्येक मोडेमला त्याला समजेल असा संदेश पाठवतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यास हा बदल डोळ्यांनी पाहता येतो: आधी दिसणारा १२डी१:१एफ०१ हा क्रमांक दोन-तीन सेकंदांत १२डी१:१४डीसी होतो. पहिला भाग कंपनीचा, म्हणून तो तसाच राहतो. दुसरा भाग बदलला नाही, तर डोंगल अजून सीडीच्याच वेषात आहे असे समजावे.

उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या नेहमीच्या मांडणीत हा प्रोग्राम आधीपासून असतो. डेबियन या प्रकाराची अगदी आटोपशीर मांडणी किंवा आर्च हा प्रकार वापरणाऱ्यांना मात्र तो स्वतः घ्यावा लागतो, आणि इंटरनेटसाठी लागणारी वस्तू इंटरनेटवरूनच आणायची असा तिढा उभा राहतो. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देणे) सुरू करावे आणि पाच मिनिटांत काम उरकावे. डेबियनमध्ये प्रोग्राम आणि त्याची यादी ही दोन वेगळी पॅकेजे आहेत. घाईत एकच आणणारे लोक मी पाहिले आहेत.

एकदा सोंग उतरले की हा डोंगल लिनक्सला मोडेम वाटतच नाही. तो सीडीसी ईथर या कर्नलमधल्याच (लिनक्सच्या गाभ्यातल्याच) ड्रायव्हरवर चालणारे नेटवर्क कार्ड होतो, संगणकाला १९२.१६८.८.१०० असा पत्ता देतो आणि स्वतः १९२.१६८.८.१ वर बसतो. सिम, नेटवर्कशी जोडणी, एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचे नाव) हे सगळे डोंगलच्या पोटात असलेला लहानसा राउटर सांभाळतो. ज्यांनी २०१० च्या सुमारास डब्ल्यूव्हीडायल या मोडेमवरून डायल करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये जीएसएम आणि सीडीएमए या मोबाइल जाळ्यांच्या दोन प्रकारांसाठी अनुक्रमे *९९# आणि #७७७ असे क्रमांक भरून, टर्मिनलची खिडकी बंद होऊ नये म्हणून जपत इंटरनेट वापरले आहे, त्यांना या सुखाची किंमत अधिक कळेल. विकत घेताना नावाच्या शेवटचे अक्षर मात्र नीट पाहावे. एच असलेला नग असा राउटरसारखा वागतो. एस असलेला जुन्या धाटणीचा मोडेम असतो, आणि त्याला मोडेममॅनेजर व नेटवर्कमॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामांच्या जोडीच्या हाती सोपवावे लागते. एसएमएस, सिग्नल, सिमची स्थिती हे सारे टर्मिनलमधून हाताळण्याची हौस असेल तर एस चांगला. घरातील इतर माणसेही वापरणार असतील तर एच घ्यावा.

माझा पहिला दिवस एपीएनने खाल्ला. डोंगलवरचा दिवा निळसर हिरवा, म्हणजे फोरजी मिळाल्याची खूण दाखवत होता, मिंटच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याचे चिन्ह होते, पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नव्हते. मी कर्नलपासून फायरवॉलपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडून सेटिंगमध्ये गेलो, तेव्हा आधीच्या मालकाच्या सिमचा एपीएन तसाच बसलेला दिसला. तिथे नवीन प्रोफाइल करून एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम असे लिहिले, ते डीफॉल्ट केले, आणि मिनिटभरात सगळे सुरू झाले. बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट आणि जिओसाठी जिओनेट असे लिहावे लागते. जुना डोंगल घेणाऱ्याने हे पान सर्वांत आधी उघडावे; मी ते सर्वांत शेवटी उघडले.

उरलेला अर्धा दिवस केबलने खाल्ला. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आणि चांगल्या जाड आहेत, त्यामुळे माजघरात सिग्नल जेमतेम येतो. डोंगल ओटीच्या खिडकीत टांगावा म्हणून मी पाच मीटरची स्वस्त, बारीक एक्स्टेंशन केबल आणली, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी तुटू लागली. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, पाहिले तर प्रत्येक वेळी "यूएसबी डिस्कनेक्ट" अशी नोंद आणि त्यापाठोपाठ पुन्हा सीडी ड्राइव्हचे दर्शन. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलीअँपिअर देण्यासाठी बनवलेले असते, आणि सिग्नल कमजोर असताना डोंगल अधिक जोर लावून अधिक वीज ओढतो. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज इतके पडते की तो मध्येच बंद होऊन नव्याने सुरू होतो. दीड मीटरची जाड केबल लावली, लॅपटॉपचे टेबलच खिडकीजवळ सरकवले, आणि तेव्हापासून ही तक्रार नाही. पुढे सिग्नल आणखी लागलाच तर बाहेरचा अँटेना लावण्यासाठी डोंगलवर दोन बारीक सॉकेट दिलेली आहेत.

वेगाबद्दल सांगायचे तर खोक्यावर उतरणीचे (डाउनलोडचे) १५० आणि चढणीचे (अपलोडचे) ५० एमबीपीएस लिहिलेले असते, ते तंत्राची कमाल मर्यादा म्हणून वाचावे. आमच्याकडे पहाटे वीसच्या पुढे जाणारा आकडा संध्याकाळी सहा-सातवर येतो. फोनवरही त्या वेळी तेवढाच मिळतो, म्हणजे टॉवरवरची गर्दी हेच त्याचे कारण असावे. वर्ग, बँकेची कामे आणि मिंटचे अपडेट यांना तो पुरतो.

काही गोष्टी माहीत असाव्यात. लिनक्सला हे तारेचे नेटवर्क वाटत असल्यामुळे कोपऱ्यात सिग्नलच्या काड्या दिसत नाहीत. त्या पाहण्यासाठी डोंगलचेच पान उघडावे लागते. त्याच कारणाने सिस्टीमला हे मोजून मिळणारे मोबाइल इंटरनेट आहे हे कळत नाही आणि मोठे अपडेट बिनदिक्कत उतरू लागतात, तेव्हा आपोआप होणारे अपडेट बंद ठेवलेले बरे. बाहेरून घरच्या संगणकात शिरायचे असेल तर डोंगलमधला राउटर आणि मोबाइल कंपनीचा सामाईक पत्ता असे दोन अडसर आहेत. नॅनो सिमसाठी अडॅप्टर लागतो, आणि सिम काढून नुसता अडॅप्टर आत ढकलल्यास त्याची कड पिनांत अडकते. ते कधीही करू नये.

सर्वांत गंमतीची बाब दुसरा डोंगल आल्यावर कळली. भावाने त्याचा असाच नग आणला, आणि दोन्ही एका लॅपटॉपला लावून दोन कंपन्यांची तुलना करावी असे ठरले. दोघांचाही पत्ता १९२.१६८.८.१ असणार हे उघड होते. परंतु मॅक पत्ताही (नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा, एरवी प्रत्येक नगाला वेगळा असणारा क्रमांक) अक्षरशः एकच निघाला, ०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४. या मालिकेतील डोंगलांना हाच पत्ता सर्रास दिलेला असतो. एका संगणकाला एकच डोंगल लावणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण दोन जोडण्या एकत्र चालवू इच्छिणाऱ्याने दुसरा डोंगल वेगळ्या जातीचा घ्यावा.

एक इशारा बाजारातील जुन्या थ्रीजी डोंगलांबद्दल. ते शे-दोनशे रुपयांत मिळतात आणि लिनक्सवर उत्तम ओळखलेही जातात, परंतु जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच फोरजीवर, त्यामुळे जिओचे सिम त्यांत चालत नाही, आणि इतर कंपन्यांचे थ्रीजीही बहुतेक ठिकाणी आवरले गेले आहे. ज्यांच्या घरी फोन दिवसभर एकाच जागी राहतो, त्यांनी डोंगलवर पैसे घालू नयेत; फोन यूएसबीने जोडला की लिनक्सला तोही असाच तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो. आमच्या घरी फोन एका जागी राहत नाही, म्हणून डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला आहे.