1:9, 1:8 की 1:7? बॅरल घेताना गोळीचं वजन नको, लांबी बघा

कागदावर लांबट भोकं दिसली की समजायचं, गोळी नाकासमोर न जाता कुशीवर गेलीय. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी, ओहायोतल्या रेंजवर, माझ्या .223 काडतुसाच्या रायफलीच्या 1:9 बॅरलमधून (म्हणजे नळीतून) मी 75 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब नाकाच्या, प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या मारल्या. शंभर यार्डांवर दहातली चार भोकं अशी, की जणू कुणी पेन्सिल आडवी धरून कागदातून दाबलीय. स्कोप तपासला, माउंटचे स्क्रू आवळले, शेवटी स्वतःच्या श्वासावरही संशय घेतला. महिन्याभरापूर्वी याच बॅरलनं 69 ग्रेनच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसवल्या होत्या!

1:9 म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ असा, की नऊ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक फेरा घेते. आकडा लहान तितका पीळ घट्ट. भोवऱ्याला फिरकी कमी पडली की तो डुलतो, तसंच इथे. मात्र किती फिरकी लागणार हे ठरतं मुख्यतः गोळीच्या लांबीवर. डब्यावर वजन छापलेलं असतं म्हणून आपण ग्रेनमध्ये बोलतो, इतकंच. नाटोची 62 ग्रेनची एसएस109 पोटात पोलादी टोक घेऊन येते, त्यामुळे ती लांबीला 69 ग्रेनच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळीएवढी भरते. निव्वळ तांब्याच्या गोळीचंही तेच, कारण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन भरायला गोळी लांब करावी लागते. हवेचाही वाटा असतो: थंड हवा दाट असते आणि तिच्यात गोळी सावरायला जास्त फिरकी लागते. सुरुवातीच्या एआर-15 रायफलीचा पीळ 1:14 होता. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत तो अपुरा ठरला आणि 1963 मध्ये 1:12 करावा लागला. माझ्या जानेवारीच्या सकाळचा घोळही हाच. बॅरल काठावरच होतं, थंडीनं ढकललं.

आता निवडायचं काय? 1:12 अजून जुन्या बोल्ट रायफलींत भेटतं. 55 ग्रेनपर्यंत ठीक, पुढे नाद सोडा.

1:9 ला मी वाईट म्हणणार नाही. 50 ते 69 ग्रेन, शंभर-दोनशे यार्ड, दुकानातली स्वस्त काडतुसं, एवढाच बेत असेल तर जास्त पैसे घालू नका. मात्र 75 आणि 77 ग्रेनला हे बॅरल लहरी आहे. कुणाचं चालतं, कुणाचं नाही, आणि उन्हाळ्यात चाललेलं हिवाळ्यात दगा देतं.

1:8 हे माझं मत. 55 पासून 77 पर्यंत निवांत, बहुतेक 80 ग्रेनसुद्धा. सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलींच्या) स्पर्धेचा विचार असेल तर हे नीट ऐका: 200 आणि 300 यार्डांच्या जलद फैरी मॅगझिनमधून मारायच्या असतात, म्हणून काडतुसाच्या लांबीला मर्यादा येते आणि लोक 77 वर थांबतात. 600 यार्डांवर एकेक काडतूस हातानं भरता येतं, तिथे 80 ग्रेन बाहेर निघतात. दोन्ही कामं एका बॅरलनं होतात.

1:7 लष्कराचं. एम16ए2 या लष्करी रायफलीला तो दिला तो 62 ग्रेनसाठी नव्हे (तिला 1:9 पुरतं), तर सोबतच्या लांबलचक ट्रेसर (उडताना प्रकाशाची रेघ दाखवणाऱ्या) गोळीसाठी. तुम्हाला 80 च्या वर, 90 ग्रेनपर्यंत जायचं असेल तरच त्याला खरा अर्थ आहे. 3000 फूट प्रति सेकंद वेगाला 1:7 मधून गोळी मिनिटाला तीन लाखांवर फेरे घेते. पातळ कवचाच्या हलक्या व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) गोळ्या तेवढ्यानं हवेतच फुटू शकतात. जाड कवचाच्या 55 ग्रेनला मात्र काही होत नाही. ‘जास्त पिळानं नेम बिघडतो’ हे रेंजवर ऐकाल, पण चांगल्या गोळीत तो फरक बहुतेकांच्या हाताच्या थरथरीत हरवून जातो. पीळ कमी पडला तर गोळी कोलांट्या खाते, जास्त झाला तर चिमूटभर नुकसान. शंका असेल तिथे घट्ट पीळ घ्या.

1955 मध्ये सैल पिळाची किंमत रेमिंग्टन या रायफल कंपनीनं मोजली. त्यांच्या .244 काडतुसाच्या रायफलीला 1:12 पीळ, विंचेस्टरच्या .243 ला 1:10. हरणाच्या शिकाऱ्यांना 100 ग्रेनची गोळी हवी होती आणि .244 चा भरवसा 90 पर्यंतच. गिऱ्हाईक विंचेस्टरकडे गेलं. पुढे 1963 मध्ये तेच काडतूस 6 मिमी रेमिंग्टन या नावानं, 1:9 पीळ देऊन पुन्हा आणलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता.

कोल्हापूर-पुण्याकडच्या .22 वाल्यांनी यात डोकं घालू नये. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसळेनं 50 मीटरचं कांस्य घेतलं, त्या खेळात गोळी 40 ग्रेनची आणि पीळ साधारण 16 इंचांत एक फेरा, हे जवळजवळ ठरलेलंच. तिथे पैसे काडतुसांचे वेगवेगळे लॉट मारून बघण्यात घाला.

जुनी रायफल घेताय आणि बॅरलवर काही कोरलेलं नाही? आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. मग फिरत्या मुठीच्या क्लीनिंग रॉडला घट्ट चिंधी लावून तो नळीत घाला, रॉडवर वरच्या बाजूला एक खूण करा आणि सावकाश ओढा. खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत रॉड किती इंच सरकला, तो तुमचा पीळ. दोन-तीनदा मोजा, चिंधी घसरते. विकणारा सांगेल त्यावर जाऊ नका, मी गेलो होतो.