गच्चीवरचं पांढरं कोटिंग: पावसाळा, थंडी आणि पुन्हा ऊन लागल्यावर

नाशिकच्या इंदिरानगरमधलं रो-हाऊस, जुना स्लॅब, 25 बाय 22 म्हणजे 550 चौरस फूट गच्ची. वर कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उताराचा थर), ढाळ बऱ्यापैकी, एका बाजूला सोलर हीटर. गेल्या एप्रिलमध्ये गळती रोखायला अ‍ॅक्रिलिक इलॅस्टोमेरिक कोटिंग, म्हणजे सुकल्यावर रबरासारखा ताणणारा पांढरा थर, मारलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या प्रकारच्या चांगल्या मालात डावं-उजवं फारसं नसतं. खरा फरक पडतो तो मारण्यात.

निकाल आधीच सांगतो. सपाट भागातून थेंब आला नाही. जी ओल दिसली ती कडेने आली.

दुकानात सर्रास सांगतात की 20 लिटरच्या बादलीत 500 फूट होतं. होतं, पण किती जाड? एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर 1 मिलिमीटरचा बसतो. त्यातलं पाणी उडालं की उरतो साधारण अर्धा. 20 लिटरमध्ये 500 फूट ओढलं तर हातात राहतो जेमतेम 0.2 मिलिमीटर, म्हणजे रंगच. केसाएवढी भेग उन्हात उघडली की तो तुटतो. 1 मिलिमीटर सुका थर हवा तर चौरस मीटरला 2 लिटर धरा. 550 फूट म्हणजे 51 चौरस मीटर, पाच बादल्या. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) आतल्या बाजूने सव्वा फूट वर चढवायचं त्याला सहावी. गुत्तेदार दोन बादल्यांत काम उरकतो म्हणाला तर स्वस्त पडतंय असं समजू नका.

पूर्वतयारीत वेळ गेला तो वायर ब्रशने शेवाळ काढण्यात आणि जोडांवर. भिंत आणि गच्चीच्या जोडावर 3 इंची गोल वाटा (कोपरा भरून काढणारी गोलाई), एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाचा, त्यात वॉटरप्रूफिंग लिक्विड, सात दिवस पाणी मारून. रुंद भेगा ग्राइंडरने व्ही आकारात 10 मिलिमीटर खोल उघडून पॉलिमर मॉर्टरने भरल्या. वाटा, पाइपांचे गळे आणि भेगांवर फायबरची जाळी, दोन थरांच्या मध्ये, जोडाला 4 इंच एकावर एक. पहिला हात पाणी घालून पातळ, प्रमाण बादलीवरचंच पाळावं. पुढचे हात न पातळ करता, आडवा-उभा, मध्ये सहा ते आठ तास.

नाशिकचा एप्रिल या कामाला चांगला, पण दुपारचा नाही. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते, आत पाणी अडकतं आणि टाचणीएवढी भोकं पडतात. सकाळी नऊपर्यंत किंवा साडेचारनंतर. मे महिन्यात वळिवाचा भरवसा नसतो. थंडीत करायचं तर दव सुकल्यावर सुरू करून दुपारी तीनला ब्रश ठेवायचा. 10 अंशांखाली हा माल नीट जुळत नाही.

कोबा वरून सुका दिसतो, आत ओला असतो. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब जमले असतील तर थांबा. टाकीजवळ ही चाचणी राहून गेली आणि तिथेच मे महिन्यात दोन फुगे आले. ब्लेडने कापल्यावर खाली कोबा काळपट ओला. कोटिंगचा त्यात दोष नाही.

जुलैच्या झडीत वायव्येच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ ओल आली. गळतं तिथेच वर भेग असते असं नाही. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून वाट काढत लांब येऊन टपकतं. (अशा वेळी त्या खोलीची लाइन आधी बंद करावी.) पाऊस उघडल्यावर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून गच्चीचे चार भाग केले आणि सखल भागापासून सुरुवात करून एकेक भाग दोन इंच पाण्याने 48 तास भरून ठेवला. चारही कोरडे. मग नजर गेली पॅरापेटच्या माथ्यावर. तिथलं प्लॅस्टर तडकलेलं, पाणी विटांत शिरून कोटिंगच्या मागून खाली उतरत होतं. माथ्याला आतल्या बाजूला उतार देऊन तोही कोट केल्यावर ओल थांबली. ओल थांबल्यावर लगेच पुट्टी लावू नका. छत सुकायला महिने लागतात आणि आधी झाकलं तर खार फुटून पोपडे पडतात.

थंडीत, दिवसा ऊन आणि पहाटे गारठा अशा ताणात, भेगांवरची जाळीची पट्टी टिकली. उन्हाळ्यात वरची खोली जाणवण्याइतकी कमी तापते, पण धूळ बसली की हा फायदा घटतो. झाडू आणि पाणी पुरे, अ‍ॅसिड नको. वाळवणाच्या खाटेचे लोखंडी पाय मात्र या थराचे शत्रू. खाली रबरी बूच किंवा फळी हवीच. सोलरचा स्टँड गच्चीला बोल्ट मारून बसवू नये, 4 इंच उंच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवावा.

एक जागा सोलली: पन्हाळीच्या तोंडाशी, बशीएवढी. तिथे पाणी साचून राहतं आणि पाण्याखाली बुडालेलं अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. कडा घट्ट लागेपर्यंत कापून, सुकवून, जाळीसह दोन हात दिले, चारी बाजूंनी 4 इंच जुन्यावर. त्याआधी तोंड अर्धा इंच खाली उतरवावं लागलं, नाहीतर पुन्हा तेच.

म्हणून ज्यांच्या गच्चीवर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही डबकी दिसतात त्यांनी हे घेऊ नये. दहा फुटाला सव्वा इंच ढाळ आधी मिळवा. त्यासाठी जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवू नका. 4 इंच कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. जुना काढूनच नवा. आणि छताचं प्लॅस्टर पडून सळई दिसत असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, बादली नंतर आणा.