एन्सेम्बलवरचा फुगू जीनोम: वापरणारीचा अभिप्राय

माणसाचं एखादं जनुक नव्याने हाती घेतलं की मी आधी एन्सेम्बल ही वेगवेगळ्या सजीवांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, दाखवणारी वेबसाइट उघडते आणि त्याचा फुगू माशातला जोडीदार, म्हणजे जुळणारं जनुक, शोधते. उंदीर नंतर. उंदीर आपल्याला इतका जवळचा आहे की त्याच्याशी ताडून पाहताना कामाच्या डीएनएसोबत बरंच बिनकामाचंही जुळतं. फुगूची आणि आपली वाट ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाली. इतक्या काळानंतरही जे टिकलंय, ते उगाच टिकलेलं नाही.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९९३ मध्ये हा मासा अभ्यासासाठी सुचवला तो त्याच्या आटोपशीर जीनोमसाठी: सुमारे ४० कोटी बेस (डीएनएची अक्षरं), माणसाच्या साधारण एक अष्टमांश, आणि तरी जनुकं जवळपास आपल्याइतकीच. त्या जीनोमचा मसुदा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवख्यांना मी हंटिंग्टन रोगाचं जनुक बघायला सांगते. माणसात ते १७० किलोबेस (हजार बेस) पसरलंय, फुगूत २३ मध्ये मावतं. एक्झॉन, म्हणजे जनुकाचे प्रथिनासाठी वापरले जाणारे तुकडे, मात्र दोन्हीकडे ६७. आकसलेत ते त्यांच्या मधले, गाळले जाणारे भाग, म्हणजे इंट्रॉन. सीएजी या तीन अक्षरांच्या ज्या लांबलेल्या पुनरावृत्तीने हा आजार होतो, त्या जागी फुगूच्या प्रथिनात ग्लुटामिन (सीएजीमुळे येणारं अमिनो आम्ल) फक्त ४ आहेत.

पण या जीनोमचं खरं मोल मला जनुकांच्या बाहेर वाटतं. सॉनिक हेजहॉग या शरीराची घडण ठरवणाऱ्या जनुकाला भ्रूणातल्या हातापायांच्या कळीत चालू करणारा डीएनएचा तुकडा माणसात त्या जनुकापासून सुमारे १० लाख बेस लांब, एलएमबीआर१ या भलत्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसलाय. त्यात एक अक्षर बदललं तरी बाळाला जादा अंगठा येऊ शकतो. हा तुकडा फुगूतही आहे! माणसाच्या लांबलचक इंट्रॉनमध्ये तो नुसत्या नजरेला सापडणं अशक्य. फुगूशी तुलना केली की आलेखात जुळणीचा उंचवटा लगेच उठून दिसतो. २००५ मध्ये अशाच तुलनेतून जवळपास १,४०० तुकडे समोर आले. त्यातले २५ झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या माशाच्या भ्रूणांत तपासले, तर २३ जनुक चालू करणारे निघाले. संगणकावरचा अंदाज जिवंत भ्रूणात इतका खरा ठरतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

मर्यादाही लक्षात ठेवा. या माशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला होता, त्यामुळे ऑर्थोलॉगच्या (वेगवेगळ्या प्रजातींतल्या जोडीदार जनुकांच्या) तक्त्यात कधी एका मानवी जनुकासमोर दोन फुगू जनुकं दिसतात. अशा वेळी पहिलीच ओळ उचलू नका. दोन प्रतींनी काम वाटून घेतलेलं असू शकतं, दोन्ही बघा. शिवाय फुगूत एखादा तुकडा नाही म्हणजे तो निरुपयोगी, असंही नाही. केस, गर्भाची वार, दूध यांच्याशी निगडित नियंत्रण माशात शोधून काय मिळणार? तिथे सस्तन प्राण्यांचीच तुलना हवी. आणि प्रयोगासाठी फुगू पाळणं गैरसोयीचं, ते काम झेब्राफिशवरच करावं लागतं.

सगळं मोफत आहे, खातंही उघडावं लागत नाही. विकासाशी संबंधित जनुकांवर काम करणाऱ्यांनी तर हे वापरायलाच हवं. प्रथिनाच्या पानावर थांबू नका; रीजन कंपॅरिझन हे दोन जीनोमचे भाग ताडून दाखवणारं पान उघडा आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंची रिकामी वाटणारी जागा शेजारच्या जनुकांपर्यंत तपासा.