लाल रंग तपासत बसलो आणि इंजिन आठ मिलिमीटरने गंडवून गेलं

आधीच सांगून टाकतो, मी या छंदात नवखा नाहीये, आणि तेच जास्त लाजिरवाणं आहे. एचओ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराची मॉडेल रेल्वे इंजिनं मी बरीच वर्षं जमवतोय. अमुक कंपनीचा लाल बरोबर की तमुक कंपनीचा, असं मित्र मलाच विचारतात आणि मी पण मोठ्या तोऱ्यात भिंग डोळ्याला लावून निकाल देतो. तर अशा माणसाला रंगावरूनच चुना लागला. सविस्तर लिहितोय कारण ज्या पद्धतीनं मी फसलो ती पद्धत अजून जोरात चालू आहे.

विषय आहे डीबीच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, १०३ क्लासचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ताशी २०० किमीनं एक्सप्रेस गाड्या ओढणारं इलेक्ट्रिक इंजिन, १९७० ते १९७४ मध्ये १४५ बनली, त्याआधीची चार प्रोटोटाइप वेगळी. दोन्ही टोकं गोलसर, बाजूला हवेच्या जाळ्यांच्या दोन रांगा, आणि मूळची लिव्हरी, म्हणजे रंगसंगती, गडद लाल आणि बेज. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डीबीनं ओरिएंट रेड आणला, आरएएल ३०३१ (आरएएल म्हणजे रंगांना ठरावीक नंबर देणारी जर्मन पद्धत), आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅफिक रेड, आरएएल ३०२०, जो तिकडे आजही दिसतो. पण ट्रॅफिक रेड येईपर्यंत १०३ चे दिवस भरत आले होते, त्यामुळे डीबीच्या काळात तो रंग लागला एकाच इंजिनाला, १०३ २३३ ला. बाकी सगळ्या लिव्हरी माझ्याकडे आहेत, शेल्फवर हीच एक जागा रिकामी. आणि रिकामी जागा माणसाचं काय करते ते कलेक्टर लोकांना वेगळं सांगायला नको.

तर एक दिवस ऑनलाइन जाहिरात दिसली. १०३ २३३, फॅक्टरी पेंटेड, लिमिटेड रन, डबा आहे, सर्टिफिकेट आहे. विकणारा खाजगी माणूस, नाव लिहीत नाही. मला भुलवलं ते त्याच्या फोटोनं. एका रुळावर तीन इंजिनं ओळीनं उभी, एक ओरिएंट रेडमधलं, एक ट्रॅफिक रेडमधलं दुसऱ्याच क्लासचं, आणि मधोमध हे, शेजारी आरएएल ३०२० चं कार्ड, खाली लिहिलेलं "रंग स्वतः तपासून घ्या". मनात म्हटलं, हा माणूस आपल्यातला आहे. बाकीचे लोक एक अंधुक फोटो टाकून मोकळे होतात, हा बिचारा कंपॅरिझन करून दाखवतोय.

आता त्या फोटोबद्दल जे नंतर डोक्यात शिरलं ते इथेच सांगतो. एक, भडक लाल रंग मोबाईल कॅमेऱ्याला झेपतच नाही, लाल चॅनल वर जाऊन टेकतो आणि दोन वेगळे लाल एकसारखे दिसायला लागतात. ३०२० जरा उजळ, किंचित केशरीकडे झुकणारा, ३०३१ त्यापेक्षा गडद आणि गुलाबीकडचा, पण हा फरक फोटोत मेला तर मेलाच. दोन, त्या कार्डाचा फक्त एक कोपरा दिसत होता, वर नंबर छापलेला. माझा आजही संशय आहे की तो तुकडा ज्या डब्यातल्या रंगानं इंजिन रंगवलं त्याच डब्यातून रंगवलेला होता, मग काय, तंतोतंत जुळणारच की! आणि तीन, तिन्ही इंजिनं तोंडाच्या बाजूनं तिरकी दिसतील अशी ठेवलेली. ही तिरकी गोष्ट लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मी अगदीच आंधळेपणानं घेतलं असंही नाही. तीन वेळा प्रश्न विचारले. पहिल्यांदा म्हटलं, हा ३०२० च्या मानानं जरा फिकट वाटतोय. उत्तर आलं, "सर, स्केल इफेक्ट." म्हणजे खरं इंजिन आपण लांबून बघतो, मधल्या हवेमुळे रंग थोडा उतरलेला दिसतो, म्हणून छोट्या मॉडेलला मूळ डब्यातला रंग लावला तर तो जास्तच भडक वाटतो, आणि काहीजण मुद्दाम थोडा पांढरा मिसळतात. यावर छंदातल्या लोकांची भांडणं होतात पण गोष्ट खोटी नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला खऱ्या इंजिनांचा लाल पण उन्हानं उडतो, ओरिएंट रेड तर चक्क गुलाबी पडायचा, मग तुम्ही नक्की कुठल्या वर्षीचा रंग धरणार? हे पण खरं. तिसऱ्यांदा म्हणाला, तुमच्या स्क्रीनवर लाल नीट दिसणार नाही, हातात घेऊन बघा. हे तर शंभर टक्के खरं.

हेच मला सगळ्यात जास्त खटकतं आता. त्यानं मला एकही खोटं वाक्य रंगाबद्दल सांगितलं नाही. रंगाच्या छटेवरचा वाद कधी संपतच नाही, प्रत्येक आक्षेपाला एक खरंखुरं उत्तर असतं, एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्ये लाल इकडेतिकडे होतो, म्हणून त्यानं मला बरोबर त्याच खोलीत कोंडून ठेवलं आणि मी पण शहाण्यासारखा आत बसून लाल, लाल करत राहिलो. बाकी इंजिनाकडे बघायचंच राहिलं.

पार्सल आलं रात्री. डबा खराच होता, कंपनीचाच, कुठल्यातरी दुसऱ्या १०३ चा असणार हे आता कळतं. टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडात इंजिन बाहेर काढलं, माझं स्वतःचं ३०२० चं कार्ड शेजारी धरलं, आणि काय सांगू, जुळलं! नाकाला हलकासा रंगाचा वास आला तो पण मला नवीन मॉडेलचा सुगंध वाटला. तिथल्या तिथे पाच स्टार दिले, "अप्रतिम रंगकाम" असा शेरा लिहिला, आणि वस्तू मिळाली, समाधान आहे, पैसे सोडा, ते बटणही दाबलं. हे बटण रात्री दाबू नका रे बाबांनो.

सकाळी खिडकीजवळ नेलं तर कार्ड एक सांगतंय आणि इंजिन दुसरंच. याला मेटामेरिझम म्हणतात, दोन रंग वेगवेगळ्या पिगमेंटचे असले तर एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात. पिवळा लॅम्प साधारण २७०० केल्विनचा असतो, रंग तपासायला प्रमाण धरतात तो दिवसाचा उजेड ६५०० केल्विनचा, मग फरक पडणारच. पण एवढ्यावर मी त्याला चोर म्हणू शकत नव्हतो, कारण वर सांगितलं तसं, छटेवरून काहीच सिद्ध होत नाही. उलट मी मनातल्या मनात त्याचीच बाजू घेत होतो, म्हटलं बॅचचा फरक असेल.

मग टॉर्च घेतला आणि बॉडीवर अगदी आडवा, पृष्ठभागाला घासून जाईल असा उजेड टाकला. हे मी पहिल्या रात्री करायला हवं होतं. आडव्या उजेडात रंगाखालची जमीन दिसते. राखाडी रंगाच्या कडेला हाताला लागेल असा बारीक उंचवटा होता. मास्किंग टेप लावून मारलेल्या जाड कोटाचा काठ असाच असतो. चांगल्या फॅक्टरी कामात ही कड जवळजवळ सपाट लागते. मग बाजूच्या जाळ्या बघितल्या. १०३ ची खरी परीक्षा तिथेच आहे, दोन रांगा भरून बारीक बारीक पट्ट्या, आणि रंगाचा प्रत्येक जादा थर त्या फटींमध्ये जाऊन बसतो. माझ्या जुन्या १०३ मध्ये पट्टी न् पट्टी सुटी दिसते. यात खालची रांग म्हणजे केकवर आयसिंग ओतल्यासारखी बुजलेली.

नंबर बघायला भिंग लावलं. कंपन्या बारीक अक्षरं सिलिकॉनच्या मऊ पॅडनं छापतात, टॅम्पो प्रिंटिंग, त्यात शाई थेट बॉडीवर बसते, भोवती काही नसतं. इथे प्रत्येक आकड्याभोवती पारदर्शक फिल्मची कड, आणि एका कोपऱ्यात खाली हवा राहिल्यामुळे आलेली चंदेरी झाक. डीकॅल, म्हणजे पातळ फिल्मवर छापून चिकटवलेले आकडे! आता डीकॅल असणं हा गुन्हा नाही, हातानं बनवलेल्या उत्तम मॉडेलांवर डीकॅलच असतात, पण ते लोक फॅक्टरी पेंटेड म्हणून विकत नाहीत. आणि त्या डीकॅलच्या खाली, रंगाच्या आत, जुन्या नंबराचा पुसटसा उठाव. जिथे आता २ आहे तिथे खाली सरळ उभा १ होता.

अजून मजा पुढेच. लेबल होतं १०३ २३३-८. डीबीनं १९६८ पासून इंजिनाच्या सहा आकड्यांपुढे एक चेक डिजिट लावला आणि तो कुणाच्या मनावर नसतो, हिशोबानं येतो. डावीकडून आकड्यांना आळीपाळीनं १ आणि २ नं गुणायचं, गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे सुटे करून मिळवायचे, सगळ्याची बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो चेक डिजिट. १०३२३३ चं बघा: १, ०, ३, ४, ३, ६, बेरीज १७, वीसला ३ कमी. म्हणजे १०३ २३३-३ पाहिजे. याच्या डीकॅल शीटवर बहुतेक ३ संपले होते. हा हिशोब मला तोंडपाठ आहे, जाहिरातीतल्या फोटोत तो ८ स्वच्छ दिसत होता, आणि मी तो दोन आठवडे रोज बघत होतो. रंग बघत होतो ना!

आणि आता ती तिरकी गोष्ट. १०३ २१६ पासून २४५ पर्यंतच्या इंजिनांना ड्रायव्हरच्या तक्रारींमुळे मोठी केबिन दिली होती. आधीची इंजिनं १९.५ मीटर लांब, ही २०.२ मीटर. २३३ अर्थातच लांबवाली. १:८७ मध्ये हिशोब केला तर २२४ मिमी आणि २३२ मिमी. व्हर्निअर शोधायचे पण कष्ट घेतले नाहीत, साधी शाळेची पट्टी लावली. २२४. आखूड केबिनची बॉडी! जगातल्या कुठल्याही डब्यातला लाल रंग लावला तरी ते इंजिन २३३ होऊच शकत नव्हतं. छटेवरून वाद घालता येतो, आठ मिलिमीटरवरून काय घालणार?

त्याला हे सगळं लिहून पाठवलं. पहिलं उत्तर, कंपनीनं पेंटिंग बाहेरून करून घेतलं होतं. दुसरं, लिमिटेड रनमध्ये जुना साचा वापरला. तिसरं, "सर, तुम्हीच तर पाच स्टार दिलेत." यावर मी काय बोलणार. सर्टिफिकेट नीट बघितलं तर साध्या प्रिंटरवर काढलेलं, त्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही, फक्त सोनेरी बॉर्डर आणि हातानं लिहिलेला अनुक्रमांक. ज्या साइटवरून घेतलं त्यांनी कळवलं की खरेदीदारानं समाधान नोंदवून पैसे सोडलेत, आता काही करता येत नाही. नियमाप्रमाणे बरोबरच आहे त्यांचं, बटण मीच दाबलं.

तेव्हापासून कुणाकडूनही दुर्मिळ लिव्हरी घेताना मी रंगाबद्दल अवाक्षर काढत नाही. पहिला फोटो मागतो सरळ बाजूनं, खाली पट्टी ठेवून, दोन्ही टोकांचे बफर फ्रेममध्ये. मग जाळ्यांचा जवळून, टॉर्च आडवा धरून. मग नंबराचा, एवढा जवळून की अक्षराची कड दिसेल. शेवटचा बॉडी काढून आतल्या बाजूचा, कारण बाहेरून रंगवणारे आतल्या कडांवर उडालेला स्प्रे पुसायला हमखास विसरतात, आणि पुष्कळदा मूळ प्लास्टिकचा किंवा जुन्या रंगाचा पुरावा तिथेच बसलेला असतो. खरा माणूस कुरकुर करतो पण पाठवतो. परवा तोच तीन इंजिनांचा फोटो परत दिसला, नवीन खात्यावर, यावेळी मधलं इंजिन "शेवटचा पीस". मी फक्त एवढंच लिहिलं की पट्टी ठेवून एक सरळ फोटो पाठवाल का. चार मिनिटांत ब्लॉक.

इंजिन माझ्याकडेच आहे. परत विकलं तर मी पण त्याच्याच रांगेत, म्हणून एका दुपारी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन बसलो, आधी खालच्या कोपऱ्यात टिकलीएवढ्या जागेवर बघितलं, वरचा थर लगेच मऊ पडून सुटला आणि खालचा कंपनीचा टिकला. (सगळ्या कंपन्यांचा टिकत नाही, जास्त वेळ भिजवलं तर तोही जातो, आपापल्या जबाबदारीवर करा.) हळूहळू एक पूर्ण बाजू मोकळी केली. खालून सुंदर ओरिएंट रेड निघाला, जाळीची पट्टी न् पट्टी सुटी, आणि स्वच्छ छापलेला नंबर, १०३ १ नं सुरू होणारा. दुसरी बाजू तशीच ठेवली आहे. आता कुणी ३०२० आणि ३०३१ मधला फरक विचारला की मी तेच इंजिन खिडकीत नेतो आणि आधी एक बाजू दाखवतो, मग फिरवून दुसरी.