मुंबईचा वीकेंड: नागपूरहून रेल्वे की ट्रॅव्हल्स?

शुक्रवारी निघायचं, सोमवारी सकाळी परत ड्युटी. धाकटा भाऊ अडलाय: मित्रांसोबत कशानं जाऊ?

खर्चात विदर्भ एक्स्प्रेसचा स्लीपर, साधारण ५०० रुपये. फक्त आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच पकडायचं. बसचं भाडं सणासुदीला भडकतं.

‘आठ तासांत मुंबई’ अशा जाहिराती सोडा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. शहरातली गर्दी त्यापुढे. रेल्वे थेट सीएसएमटीला उतरवते, सॅक पाठीवर टाकून मरीन ड्राइव्ह पायी गाठता येतं.

झोपही रेल्वेतच. वरच्या बर्थवर सॅक उशाला घेतली की बिनघोर. बसमध्ये लघवीसाठी ढाब्याची वाट बघायची, मुली सोबत असल्या तर फारच जड जातं.

आधी ठरलं असेल तर रेल्वेच. बेत गुरुवारी रात्री शिजला किंवा मुक्काम भिवंडी-ठाण्याकडे असला, तर ट्रॅव्हल्स.