उन्हाळ्यात मॅव्हिस घ्यायचं तर हिरव्या पट्टीचंच

देवळी तालुक्यातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्या बॅडमिंटन कोर्टाला छप्पर नाही. शाळेच्या मागच्या भिंतीलगत सिमेंटचा ओटा आहे, दोन बाजूंना रोपवाटिकेतून आणलेली जुनी शेडनेट बांधलीय आणि तिसऱ्या बाजूला तुरीचं वावर. अशा जागी रोजच्या सरावाला पिसांचं शटल परवडत नाही. आम्ही नायलॉनवर खेळतो आणि नायलॉनमध्ये योनेक्सचं मॅव्हिस ३५० वापरतो. शटल फार चांगलं आहे. पण आपल्याकडे बहुतेक जण ते नको त्या रंगाचं घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

शटलच्या बुचाभोवती (म्हणजे रॅकेटचा मार लागतो त्या गोल टोकाभोवती) जी रंगीत पट्टी असते ती शोभेची नाही. हिरवी पट्टी म्हणजे सावकाश शटल, २२ ते ३३ अंश तापमानासाठी. निळी मध्यम, १२ ते २३ अंशांसाठी. लाल सगळ्यात जलद, त्याहून थंड हवेसाठी. गरम हवा विरळ असते, ती शटलला कमी अडवते, म्हणून एकाच ताकदीनं मारलेलं शटल उन्हाळ्यात लांब जातं. आता आपला मे महिना बघा. पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि रात्री जेवणं आटोपून पोट्टे खेळायला येतात तेव्हाही ओटा तापलेलाच असतो. तिथे हिरव्या पट्टीचीसुद्धा मर्यादा संपते, निळ्याची तर गोष्टच सोडा. तरी तालुक्याच्या दुकानांत बारा महिने निळंच मिळतं. हिरवं मागितलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, हेच चालते."

चालत नाही. खेळाच्या नियमांतच शटल तपासायची रीत दिलेली आहे. मागच्या रेघेवर उभं राहायचं, खालून पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेघेला समांतर शटल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेघेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आम्ही खडूनं त्या दोन खुणा आखल्या. निळ्या पट्टीचं शटल खुणाच काय, मागची रेघही ओलांडून शेडनेटला जाऊन लागायचं. हिरव्याचं दोन्ही खुणांच्या मध्ये किंवा थोडं पुढे पडायचं. आठवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, निळं तं लयच पयते. हे कसं बराबर पडते."

यात पोरांचं खरं नुकसान हाताचं होतं. शटल सारखं बाहेर जातं म्हटल्यावर मूल हात आखडतं, खांदा पूर्ण न फिरवता नुसत्या मनगटानं ढकलायला शिकतं. ती सवय एकदा बसली की मोडताना शिक्षकाचा घाम निघतो.

हिवाळ्याचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इथे चांगलं गारठतं. तेव्हा हिरवं जड वाटतं, आखूड पडतं. त्या दिवसांत निळंच घ्यावं.

आता बनावटीबद्दल. मॅव्हिस ३५० चं बूच खऱ्या कॉर्कचं आहे, त्यामुळे रॅकेटवर लागल्याचा आवाज आणि झटका पिसांच्या शटलच्या जवळ जातो. स्वस्त शटलचा घेर, म्हणजे बुचावरची नायलॉनची झालर, दोन-चार स्मॅशमध्ये (जोरदार फटक्यांत) चेपतो आणि मग ते हवेत डुगडुगत जातं. याचा घेर दाबला तरी लगेच मूळ आकारात येतो. पिवळा रंग शेडनेटच्या पार्श्वभूमीवर संध्याकाळीही दिसतो, म्हणून पांढऱ्यापेक्षा तोच बरा. मात्र कुठलंही नायलॉन पिसांसारखं शेवटाला एकदम खाली पडत नाही. त्यामुळे जिल्हा स्पर्धेत पिसांवर खेळायचं असेल तर आधी काही दिवस पिसांवर सराव द्यायलाच हवा. नाहीतर पोरांचे ड्रॉप (जाळीजवळ टाकलेला हलका फटका) आणि क्लिअर (मागच्या रेघेपर्यंतचा उंच फटका) दोन्ही चुकतात.

योनेक्स या कंपनीबद्दल मला मनापासून आदर आहे. मिनोरू योनेयामा यांनी जपानच्या निगाता भागात १९४६ साली मासेमारीच्या जाळ्यांना लागणारे लाकडी तरंगे बनवण्यापासून सुरुवात केली. प्लास्टिकचे तरंगे आले आणि तो धंदा बसला. मग लाकडातलं कसब घेऊन ते १९५७ मध्ये बॅडमिंटनच्या रॅकेटकडे वळले. आधी दुसऱ्यांच्या नावानं माल बनवला, १९६१ पासून स्वतःच्या. भाव पडला की पीक बदलावं लागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे या घरानं नुसता माल विकला नाही, परदेशात खेळ उभा राहावा म्हणून पैसा लावला. इंग्लंडमधल्या ऑल इंग्लंड स्पर्धेला १९८४ पासून योनेक्सचं प्रायोजकत्व आहे. खेळ वाढला तर रॅकेट खपतील हा व्यापारी हिशेब त्यात आहेच, आणि तो मला सरळ वाटतो. मिनोरू २०१९ मध्ये वारले. २०२२ पासून त्यांची नात अलिसा योनेयामा कंपनीची अध्यक्ष आहे. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्यातल्या इंग्रजांनी बांधले, त्याचं साहित्य आज जपानचं एक कुटुंब जगाला पुरवतंय.

त्या पैशाचा उपयोग आम्ही डोळ्यांनी पाहिला. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या खाशाबा जाधव सभागृहात योनेक्स-सनराइज इंडिया ओपन झाली. तिथे नागपूरच्या मालविका बनसोडनं सायना नेहवालला २१-१७, २१-९ असं सरळ दोन गेममध्ये हरवलं. आमच्या मुलींना सायना माहीत होतीच. पण नागपूरची पोरगी तिला हरवू शकते हे कळल्यावर सरावाला येणाऱ्या मुली वाढल्या. घराजवळ मोठी स्पर्धा झाली की आपल्या खेळाडूला मोठ्या नावासमोर उभं राहायला मिळतं. प्रायोजकानं काय करावं, तर हे.

किंमत साध्या नायलॉनपेक्षा बरीच जास्त आहे, पण टिकण्याचा हिशेब धरला तर महाग पडत नाही. डब्यात सहा शटल येतात. बिलाशिवाय घेऊ नका. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आलेला आमचा एक डबा बनावट निघाला. बूच कापून बघितलं तर आत पांढरा फोम. वर्ध्याला किंवा नागपूरला गेलात तर दुकानात एक शटल हातात घेऊन बुचाचे दाणे बघा, घेर दाबून सोडा, मगच डबा घ्या.

शाळांनी क्रीडा साहित्याच्या मागणीपत्रात नुसतं 'शटल' लिहू नये. 'मॅव्हिस ३५०, पिवळं, हिरवी पट्टी' असं लिहावं, आणि थंडीसाठी निळ्याचे एक-दोन डबे वेगळे मागवावेत.